प्राचीन ग्रीकांचा अभ्यास : शब्द नकाशावर ठेवून शिकूया

अक्षांश

ग्रीकांचा इतिहास शिकायला घेतला की पहिल्या दोन-चार पानांतच शब्दांची रांग लागते. द्वीपकल्प, संयोगभूमी, आखात, सामुद्रधुनी, द्वीपसमूह, नगरराज्य, वसाहत, अल्पजनसत्ता. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. सहावी-सातवीच्या मुलांना शिकवताना मी हे सतत बघतो. 'तिन्ही बाजूंनी पाणी असलेला भूभाग' हे तोंडपाठ असतं, पण पेलोपोनेस दाखव म्हटलं की बोट इटलीवर जातं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं.

माझं म्हणणं असं की यातल्या प्रत्येक शब्दाला ग्रीसच्या नकाशावर स्वतःची एक जागा आहे. त्या जागी माणसं काय करत होती ते कळलं की व्याख्या घोकावी लागत नाही. सुरुवात मी करतो, तुम्ही भर घाला.

संयोगभूमी. ही कॉरिंथलाच बघायची. उत्तरेचा मुख्य ग्रीस आणि दक्षिणेचा पेलोपोनेस यांना जोडणारी जमिनीची पट्टी सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम सहा किलोमीटर रुंद आहे. पश्चिमेला कॉरिंथचं आखात, पूर्वेला सारोनिक आखात. एजियन समुद्रातून इटलीकडे माल न्यायचा तर एक तर पेलोपोनेसला पूर्ण वळसा घालायचा, नाहीतर ही पट्टी ओलांडायची. वळसा घालायचा म्हणजे मालिआच्या भूशिरावरून जायचं, आणि तिथला वारा इतका बेभरवशाचा की 'मालिआला वळसा घालणार असशील तर घर विसर' अशी म्हणच प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवून ठेवली आहे.

मग कॉरिंथकरांनी इ.स.पू. ६०० च्या सुमारास या पट्टीवर दगडी फरसबंद वाट बांधली. तिचं नाव डायोल्कोस. चुनखडीच्या फरशांत चाकोऱ्या पडलेल्या, त्यांतून गाड्या ओढत न्यायच्या. गाड्यांवर माल असे, आणि प्रसंगी रिकामी केलेली जहाजंसुद्धा. वाटेचे काही तुकडे आजही बघायला मिळतात. रोमन सम्राट नीरोने इ.स. ६७ मध्ये इथे कालवा खणायला घेतला होता, तो अर्धवट राहिला. आत्ताचा कालवा सुरू झाला १८९३ साली. शहराची दोन्ही समुद्रांवर एकेक बंदरं होती, लेखायॉन आणि केंख्रेआय. होमरच्या काव्यात कॉरिंथला 'श्रीमंत' हे विशेषण का लागलं ते एवढ्यावरून मुलं स्वतःच सांगतात.

खिंड. आपण खिंड म्हटलं की दोन्ही बाजूंना डोंगर डोळ्यांसमोर आणतो. थर्मोपिलीला एका अंगाला डोंगर होता आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिडस इराणी सैन्य अडवायला तिथे उभा राहिला तेव्हा काही ठिकाणी एक गाडी जाईल एवढीच वाट होती, असं हिरोडोटस लिहितो. आजचा फोटो बघितला तर काहीच समजत नाही, कारण समुद्र काही किलोमीटर मागे गेला आहे. स्पर्खिऑस नदीने अडीच हजार वर्षं गाळ आणून आखाताचा तो कोपरा भरून काढला. गरम पाण्याचे झरे मात्र अजून वाहतात. जागेच्या नावाचा अर्थच 'गरम दरवाजे'.

सामुद्रधुनी. हेलेस्पाँट, म्हणजे आजचं दार्दानेल्स. ॲटिकाची, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाची, जमीन हलकी, त्यात जवापेक्षा गहू पिकवणं कठीण. अथेन्सचं पोट मोठ्या प्रमाणात काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून येणाऱ्या धान्यावर चालायचं आणि ते सगळं धान्य या चिंचोळ्या पाण्यातून यायचं. इ.स.पू. ४०५ मध्ये इथेच, एगॉस्पोटामीला, स्पार्टाच्या लायसँडरने अथेन्सचं आरमार किनाऱ्यावर बेसावध पकडलं. पुढे अथेन्सला वेढा पडला, शहर उपाशी पडलं आणि ४०४ मध्ये शरण गेलं. अथेन्स आणि स्पार्टा यांचं सत्तावीस वर्षांचं युद्ध शेवटी एका सामुद्रधुनीत संपलं.

नगरराज्य, वसाहत वगैरे मुद्दाम पुढच्यासाठी ठेवतो.

---

मेघना_क

वाचतेय. डायोल्कोसबद्दल पहिल्यांदाच कळलं. नगरराज्यावर नक्की लिहा. 'डोंगरांमुळे लोक एकमेकांपासून तुटले आणि म्हणून नगरराज्यं झाली' हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं, पण त्याने माझं समाधान होत नाही.

---

लाटांचा_लेखक

थर्मोपिलीसारखंच मिलेटसचं. तत्त्वज्ञ थेलीसचं गाव, एकेकाळचं आयोनियातलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, सगळ्यात गजबजलेलं बंदर. मिआंडर नदीच्या गाळाने आखात बुजलं आणि आज अवशेष समुद्रापासून चांगलेच आत आहेत. समोर लाडे नावाचं बेट होतं. इ.स.पू. ४९४ मध्ये तिथे इराण्यांनी आयोनियन ग्रीकांच्या आरमाराचा पराभव केला. ते बेट आता शेतांच्या मधली टेकडी आहे. गाळ आणि त्रिभुज प्रदेश शिकवायला याहून चांगलं ठिकाण नाही.

---

रानजाई

हवामानाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. पुस्तकात 'भूमध्य सागरी हवामान' एवढंच असतं. मुलं पाऊस म्हटलं की जून धरतात. ग्रीसमध्ये उलटं आहे. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून पेरणी शरद ऋतूत, आणि धान्याची कापणी उन्हाळ्याच्या तोंडावर. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप जुळत जातं.

ऑलिव्ह आणि द्राक्ष कोरडा उन्हाळा सोसतात, कारण त्यांची मुळं खोल जातात. डोंगरउतारावर, जिथे नांगर चालत नाही, तिथे ऑलिव्ह. सपाटीवर जव-गहू. झाड लावल्यावर भरपूर फळ यायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे शत्रूने ऑलिव्हवर कुऱ्हाड चालवली तर ती पुढच्या पिढीवर चालवल्यासारखी व्हायची. आणि ते तेल नुसतं जेवणात नव्हतं. दिव्यात तेच, व्यायामानंतर अंगाला तेच, अथेन्सच्या क्रीडास्पर्धांत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून घडे भरभरून तेच.

समुद्राचंही वेळापत्रक होतं. हेसिअड आपल्या काव्यात सांगतो की उन्हाळी संक्रमणानंतरचे पन्नास दिवस प्रवासाला चांगले. हिवाळ्यात जहाजं ओढून किनाऱ्यावर घ्यायची. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून दिवसभर जोरदार वारा असतो, म्हणजे दक्षिणेला जाणं सोपं आणि उत्तरेला जाणं कष्टाचं. त्याच हेसिअडने स्वतःच्या गावाबद्दल, आस्क्राबद्दल, 'हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात कठीण, चांगलं कधीच नाही' असं लिहून ठेवलंय. निळ्या समुद्राची आणि पांढऱ्या घरांची चित्रं बघून जे मनात बसतं, त्यापेक्षा हा ग्रीस खरा वाटतो मला.

---

पूर्वपक्ष

मेघना_क यांच्या शंकेला धरून. 'डोंगर म्हणून नगरराज्य' हे मला अजिबात पटत नाही, आणि विरोधातला पुरावा नकाशावरच आहे.

केओस हे बेट घ्या. ॲटिकाच्या टोकासमोर, क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर. एवढ्याशा बेटावर चार स्वतंत्र नगरराज्यं होती : युलिस, कार्थिया, कोरेसिया, पिएसा. लेसबॉसवर पाच. रोड्सवर तीन होती, ती इ.स.पू. ४०८ मध्ये एक झाली. आता उलट बाजू. ॲटिकात पार्नेस, पेंटेलिकॉन, हायमेटस असे चांगले डोंगर आहेत, तरी अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा तो सगळा प्रदेश एकाच अथेन्सचा. शेजारचा बिओशिया तुलनेने मोकळं मैदान, पण तिथे थीब्ज, ऑर्कोमेनॉस, थेस्पिया, प्लाटिआ आणि आणखी कितीतरी. डोंगरांनीच भिंती घातल्या असत्या तर हे चित्र बरोबर उलटं दिसायला हवं होतं.

---

अक्षांश

पूर्वपक्ष, ही उदाहरणं प्रत्येक शिक्षकाच्या वहीत असायला हवीत. डोंगर शक्यता देतो, निर्णय माणसं घेतात. मी वर्गात नगरराज्य असं समजावतो :

मध्ये एक तटबंदीचं गाव, त्याला ते 'आस्टी' म्हणत. भोवती शेतजमीन, ती 'खोरा'. दोन्ही मिळून पॉलिस. गावात उंचवट्यावर देवळांचा बालेकिल्ला, म्हणजे अक्रॉपॉलिस, आणि खाली मोकळी जागा, अगोरा, जिथे बाजार, न्यायनिवाडा आणि गप्पा एकाच ठिकाणी चालत. बहुतेक पॉलिस एवढ्या लहान की कडेच्या शेतावरचा माणूस चालत गावात येऊन सभेला बसून संध्याकाळपर्यंत घरी पोचू शकेल. अथेन्स आणि स्पार्टा हे अपवाद होते आणि पुस्तकं नेमकी अपवादांवरच लिहिलेली असतात. कोपनहेगनच्या अभ्यासकांनी २००४ साली छापलेल्या सूचीत १,०३५ पॉलिस आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आपण ऐकलेली नसतात.

मग लहानच का राहिल्या? मला वाटतं, खरा प्रश्न नद्यांचा आहे. नाईल किंवा युफ्रेटिससारखी एक मोठी नदी, तिचे कालवे, ते सांभाळायला एक मोठी सत्ता, असं काही ग्रीसमध्ये झालंच नाही. नद्या छोट्या, उन्हाळ्यात बऱ्याचशा आटणाऱ्या, जहाजं चालवायला निरुपयोगी. शेती पावसावर. शेजाऱ्यावर राज्य करून पाणी मिळत नव्हतं. यावर कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

वसाहतीबद्दल थोडक्यात : आपल्याला वसाहत म्हटलं की इंग्रज आठवतात. ग्रीकांची 'अपॉइकिया' तशी नव्हती. मूळ गावातून एका म्होरक्याबरोबर लोक निघायचे, डेल्फीला कौल घ्यायचे, नवी जागा शोधायचे आणि तिथे स्वतंत्र पॉलिस उभी करायचे. मूळ गावाशी देवाधर्माचं नातं राही, हुकूम चालत नसे. कॉरिंथकरांचं सिराक्यूज, मेगाराकरांचं बायझँटियम, फोकीआकरांचं मासालिया म्हणजे आजचं मार्सेय. ज्यांची जमीन ते घेत, त्या स्थानिकांच्या दृष्टीने मात्र फरक किती होता, हा प्रश्न मुलांना विचारायलाच हवा.

---

मेघना_क

आता समाधान झालं. केओसचं उदाहरण कमाल आहे. पण धाग्यात सगळं अभिजात काळाबद्दलच चाललंय. त्याआधीचे मिनोअन, मायसीनी? माझ्या मुलीच्या यादीत 'राजवाडा-अर्थव्यवस्था', 'लिपी', 'अंधारयुग' असे शब्द आहेत आणि ते सगळे तिला अधांतरी वाटतात.

---

ओली_माती

हा माझा आवडता विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

जागा आधी. मिनोअन म्हणजे क्रीट बेट, राजवाडे क्नॉसॉस, फेस्टॉस, मालिया (वरचं मालिआ भूशिर वेगळं). क्नॉसॉसचं मोठं उत्खनन आर्थर एव्हान्सने १९०० साली सुरू केलं. मायसीनी संस्कृती मुख्य भूमीवरची : मायसीनी, टिरिन्स, पायलॉस, थीब्ज. मिनोअनांची लिपी, रेखालिपी 'अ', आजही वाचता येत नाही. मायसीनी लोकांनी तिच्यावरून बनवलेली रेखालिपी 'ब' मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने १९५२ मध्ये उलगडली आणि आतली भाषा ग्रीक निघाली. त्याआधी ॲलिस कोबर यांनी शब्दांच्या शेवटांचे तक्ते करून वाट बरीच साफ केली होती. त्यांचं नाव पुस्तकांतून गळू नये असं मला मनापासून वाटतं.

आता एक पाटी जवळून बघा. पायलॉसला मिळालेली, भांड्यांची यादी. प्रत्येक नोंदीपुढे भांड्याचं छोटं चित्र आहे. एका जागी अक्षरं वाचली जातात 'ति-रि-पो', आणि पुढे चित्र तीन पायांच्या भांड्याचं. आणखी एका जागी 'क्वे-तो-रो-वे', चित्रातल्या भांड्याला चार मुठी. मग 'ति-रि-ओ-वे', तीन मुठी. मग 'अ-नो-वे', मूठच नाही. शेवटचा 'ओवे' म्हणजे कान. मुठीला ते कान म्हणत होते, आपण कढईचे कान म्हणतो तसंच. 'त्रि' आणि नकाराचा 'अन्' तर संस्कृत येणाऱ्याला लगेच ओळखू येतो. व्हेंट्रिसने ठरवलेले उच्चार ही पाटी हाती येण्याआधीचे होते, त्यामुळे चित्रं आणि शब्द जुळल्यावर शंका घेणाऱ्या बहुतेकांचं तोंड बंद झालं.

या पाट्या साध्या उन्हात वाळवलेल्या मातीच्या, हिशेब संपला की पुन्हा भिजवून वापरायच्या. राजवाड्यांना आगी लागल्या, माती भाजली गेली, म्हणून त्या टिकल्या. आपल्याकडे उरलेत ते शेवटच्या महिन्यांचे हिशेब : किती मेंढ्या, किती लोकर, कोणत्या बायकांना किती धान्य, किनाऱ्यावर किती पहारेकरी. 'राजवाडा-अर्थव्यवस्था' म्हणजे हेच. सगळं राजवाड्यात जमा व्हायचं, लिहिलं जायचं, तिथूनच वाटलं जायचं. एकही कविता नाही, एकही पत्र नाही.

इ.स.पू. १२०० च्या सुमारास हे सगळं कोसळलं. का, यावर अजून एकमत नाही. हल्ले, भूकंप, दुष्काळ, व्यापार तुटणं, बहुधा एकापेक्षा जास्त कारणं. राजवाडे गेले आणि हिशेब गेले, म्हणून लिपीही गेली. लिहिणारे राजवाड्याचे कारकूनच होते, बाकी कोणाला लिहिता येतच नव्हतं. अंधारयुग म्हणतात ते याला. पण इ.स.पू. १००० च्या थोडं आधी-नंतरचं युबिया बेटावरचं लेफकांडी बघितलं तर तिथे जवळजवळ ५० मीटर लांबीची इमारत आणि पूर्वेकडून आलेला ऐवज सापडला आहे, म्हणजे अगदीच मिट्ट काळोख नव्हता.

मेघना_क, मुलीला दोन शब्दांचा प्रवास सांगा. पाट्यांमध्ये 'वानाक्स' हा सर्वोच्च राजा आणि 'ग्वासिलेउस' हा एखाद्या गावातला छोटा मुखिया. कोसळल्यानंतर राजवाड्याचा वानाक्स उरला नाही, गावचे मुखिये उरले. पुढच्या ग्रीकमध्ये 'बासिलेउस' म्हणजे राजा. इमारत पडल्यावर कोण शिल्लक राहिलं ते या एका शब्दात दिसतं. आणि इ.स.पू. ८०० च्या आसपास लेखन परत आलं ते फिनिशियन व्यापाऱ्यांकडून, वेगळ्याच अक्षरांत. ग्रीकांनी त्यांत स्वरांची चिन्हं घातली आणि ती अक्षरं कारकुनाबाहेरच्या माणसालाही शिकता येण्यासारखी झाली.

---

रानजाई

ओली_माती, सुंदर! पाट्यांवर पोसायडन, झ्यूस, डायोनिससही आहेत ना?

---

ओली_माती

हो, तिघेही आहेत. पायलॉसला तर पोसायडनचा मान मोठा. समुद्राकाठचं राज्य.

---

जुन्या_वाटा

पोसायडनवरून राहवलं नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली होती, ती तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत आणि जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्याचं लिहिलंय. 'यवन' हा शब्द आयोनियावरूनच, इराणी 'यौना'मार्गे आलेला. मात्र ही गोष्ट सातवाहन काळातली, पेरिक्लिसच्या अथेन्सनंतर काही शतकांनी घडलेली. मुलांना दोन्ही काळ एकत्र करून सांगू नयेत.

---

पूर्वपक्ष

जाता जाता स्पार्टा, कारण तिथे मात्र डोंगराने खरंच फरक पाडला. युरोटस नदीचं खोरं स्पार्टाचं. पश्चिमेला टायगेटस, २,४०० मीटरचा. पलीकडे मेसेनिया, पेलोपोनेसमधली सगळ्यात सुपीक जमीन. बाकीच्या गावांना जमीन कमी पडली तेव्हा त्यांनी समुद्रापार वसाहती केल्या. स्पार्टाने प्रामुख्याने डोंगर ओलांडला, मेसेनिया जिंकला आणि तिथल्या माणसांना हेलॉट केलं. हेलॉट म्हणजे बाजारात विकत घेतलेला गुलाम नव्हे. तो आपल्याच जमिनीवर राबायचा आणि पिकाचा मोठा वाटा मालकाला द्यायचा. स्पार्टाचे नागरिक थोडे, हेलॉट त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. जन्मभर लष्करी छावणीतलं आयुष्य जगण्यामागे शौर्याची आवड होती की ही भीती, याचं उत्तर मला तरी भीतीकडे झुकलेलं दिसतं. इ.स.पू. ३६९ मध्ये थीब्जच्या एपामिनोंडसने मेसेनिया मुक्त करून मेसेनी हे नवं शहर वसवलं आणि स्पार्टा पुन्हा कधीच पहिल्यासारखा उभा राहिला नाही.

---

मेघना_क

खूप आभार सगळ्यांचे. अक्षांश, मुलीकडून नेमकं काय करून घेऊ, एवढं सांगाल का? परीक्षा जवळ आलीय.

---

अक्षांश

कोरा नकाशा घ्या आणि तिला धान्याच्या जहाजाचा परतीचा प्रवास काढायला सांगा. क्रिमियाच्या किनाऱ्यावर धान्य भरायचं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या एका भाषणात तिथल्या राजाकडून अथेन्सला वर्षाला सुमारे चार लाख मेदिम्नॉस धान्य येतं असा उल्लेख आहे. एक मेदिम्नॉस म्हणजे साधारण ५२ लिटर. पोती किती होतील ते तिलाच काढू द्या. मग काळा समुद्र ओलांडून बॉस्फरसची सामुद्रधुनी, काठावर मेगाराकरांची वसाहत बायझँटियम. पुढे मार्माराचा समुद्र, हेलेस्पाँट, एगॉस्पोटामी. बाहेर पडल्यावर लेम्नॉस बेट, उत्तरेचा वारा पाठीशी. उजव्या हाताला युबिया, डाव्या हाताला सिक्लाडीज द्वीपसमूह. सुनिऑनच्या भूशिराला वळसा, वर पोसायडनचं देऊळ. आणि सारोनिक आखातातून पिरेअस बंदर. प्रत्येक ठिकाणी एक शब्द आणि एक वाक्य लिहायचं : इथे जहाज कोण अडवू शकतं?

केओस सुनिऑनच्या अलीकडे डाव्या हाताला येतं, तेही दाखवा. कॉरिंथ या वाटेवर येत नाही, ते वेगळ्या रंगाने करा. क्रीट आणि पायलॉससाठी दुसरा नकाशा घ्या, काळ वेगळा आहे.